वाडीला विचारून आरोग्याचा आराखडा: आंबेगाव-जुन्नर ते मुळशी-मावळ

पुणे जिल्ह्यात आदिवासी भागासाठी आरोग्याचं काम करणारा तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेतला कार्यक्रम व्यवस्थापक, संस्थेचा कार्यकर्ता किंवा सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी, यांच्यासाठी हे लिहिलं आहे. शासन आणि आदिवासी समाज यांनी मिळून धोरण ठरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कोणत्या महिन्यात करायचं, कोणता कागद लागतो आणि गाडं कुठे अडतं, एवढंच यात आहे.

आधी एक कसोटी. बैठक संपल्यावर स्वतःला विचारायचं: वाडीतल्या बोलण्यामुळे आराखड्यातली एखादी ओळ बदलू शकत होती का? रक्कम, जागा, वेळ, माणूस, यातलं काहीच बदलण्यासारखं उरलं नव्हतं, तर ती माहिती देण्याची बैठक होती. माहिती देणंही कामाचंच आहे, पण इतिवृत्तात तिला ‘लोकसहभाग’ म्हणू नये. वाडीला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो, आणि पुढच्या वेळी माणसं येत नाहीत.

कॅलेंडर आधी, बैठक नंतर

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा, ज्याला सगळे पी.आय.पी. म्हणतात, तो आता दोन वर्षांचा असतो. २०२२-२४ आणि २०२४-२६ असा तो झाला. म्हणजे एक संधी हुकली की वाडीची मागणी दोन वर्षं मागे पडते. तालुक्याकडून जिल्ह्याकडे आकडे साधारण हिवाळ्यात जातात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते. जिल्हा नियोजन समितीचा प्रारूप आराखडा, त्यातल्या आदिवासी घटक कार्यक्रमासह (जुनं नाव आदिवासी उपयोजना), त्याच सुमारास आकार घेतो. तिन्ही गाड्या ऑक्टोबर ते जानेवारीत सुटतात. फेब्रुवारीत घेतलेल्या सुंदर बैठकीचा ठराव त्यातल्या एकाही गाडीत बसत नाही.

आता याच्या शेजारी वाडीचं कॅलेंडर ठेवा. पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरमध्ये जुलैत भाताची आवणी असते, तेव्हा कोणीही मोकळं नसतं. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा असतो. भातकापणी दिवाळीच्या आसपास येते. मुळशी, मावळ, वेल्हे, भोरकडच्या कातकरी वाड्यांचं चित्र वेगळं. दिवाळीनंतर निम्मी-अधिक घरं वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे महादेव कोळी गावांत भात झोडून झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात बैठक जमते. कातकरी वाडीत मात्र ती गणपतीनंतर आणि दिवाळीच्या आतच घ्यावी लागते. पूर्ण तालुक्याला एकच तारीख देणाऱ्या परिपत्रकाने यातला एक समाज हमखास गळतो. आणि गळतो तो कातकरीच.

कायद्याने तुमच्या हातात काय आहे

पुणे जिल्हा पूर्ण अनुसूचित क्षेत्र, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली जाहीर झालेला आदिवासी भाग, नाही. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली ठरावीक गावं आहेत. ज्या गावात काम करायचं ते त्या यादीत आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासा. पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे विचारता येतं. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही यादी मिळते. तालुका बघून अंदाज बांधू नका. एकाच तालुक्यात एक गाव यादीत आणि नदीपलीकडचं गाव यादीबाहेर, असं असू शकतं.

गाव यादीत असेल तर १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा-पंचायतींना खास अधिकार देणारा) आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम लागू होतात. पेसा म्हटलं की जमीन, वाळू आणि तेंदूपत्ता आठवतो. आरोग्यवाल्यांना वाटतं, हे आपलं नाही. पण कलम ४ मधल्या तीन तरतुदी थेट आपल्या कामाच्या आहेत. सामाजिक विकासाचा आराखडा किंवा कार्यक्रम अमलात येण्याआधी त्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. त्या कामांवरच्या खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. आणि सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर पंचायत व ग्रामसभेचं नियंत्रण असावं, असं कायद्यात म्हटलं आहे. उपकेंद्र ही अशीच एक संस्था आहे.

याच कायद्यात गावाची व्याख्याही वेगळी आहे. परंपरेने आपले व्यवहार आपण पाहणारी वस्ती, पाडा किंवा त्यांचा समूह म्हणजे गाव. महसुली दप्तरातलं गाव म्हणजेच पेसाचं गाव असं नाही. पाच-सहा वाड्यांच्या महसुली गावात वाडी ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी करू शकते, राज्याच्या नियमांत त्याची पद्धत दिली आहे. हे काम तुमचं नाही, लोकांचं आहे. पण अशी घोषणा झालेली असेल तर तुमची बैठक त्या वाडीच्या ग्रामसभेत व्हायला हवी, ग्रामपंचायतीच्या इमारतीत नव्हे.

पैशाचाही एक दरवाजा आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्याच्या खर्चाची चार क्षेत्रं ठरलेली आहेत, आणि आरोग्य-स्वच्छता-शिक्षण हे त्यातलं एक. हा पैसा बहुतेक वेळा रस्ता, गटार, सभामंडप याकडे वळतो, कारण आरोग्यावर काय मागायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या बैठकीतून दोन-तीन नेमक्या, छोट्या मागण्या निघाल्या तर इथून वर्षभरात काम होऊ शकतं, पी.आय.पी.ची वाट पाहावी लागत नाही.

गाव यादीबाहेर असेल तर? कातकरी वाड्या बहुतेक इथेच येतात. तिथे पेसाची ग्रामसभा नाही, साधी ग्रामसभा आहे, आणि तिच्यात वाडीचे पंधरा-वीस मतदार गावाच्या हजार मतदारांत हरवतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेलं पी.एम. जनमन अभियान याच गटांसाठी आहे आणि त्यात फिरतं आरोग्य पथकही आहे. तेव्हा इथे आधार जनमनचा घ्या, बैठक वाडीतच घ्या, आणि तिथल्या मागण्या लेखी करून ग्रामसभेत वाचून घ्या. उलट क्रमाने केलं, म्हणजे ग्रामसभेत वाडीला बोलावलं, तर वाडीतली माणसं मागे उभी राहून परत जातात.

राज्य पातळीवर पाचव्या अनुसूचीनुसार जनजाती सल्लागार परिषद आहे, जास्तीत जास्त वीस सदस्यांची, त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश अनुसूचित जमातींचे आमदार. तालुक्याच्या कामात तिचा रोज संबंध येत नाही. पण मागणी निकष बदलण्याची असेल तर ती तिथपर्यंत पोचवावी लागते. उदाहरणार्थ, आदिवासी व डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला उपकेंद्र आणि २०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे, इतरत्र तो ५,००० आणि ३०,००० असतो. डोंगराळ भागात लोकसंख्येऐवजी चालायचं अंतर धरा, अशी मागणी वाडी करते तेव्हा ती तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या अधिकारात नसते. हे तिथेच, स्पष्ट सांगावं.

पहिल्या भेटीआधीचे कागद

फार नाहीत, पण क्रम महत्त्वाचा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र. त्याची प्रत घोडेगाव प्रकल्प कार्यालय, गट विकास अधिकारी आणि संबंधित प्राथमिक आरोग्य केंद्राला. मग ग्रामपंचायतीला पत्र. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय ठरवायचं आहे, अजून काय काय बदलू शकतं, आणि निर्णय कोण कधी घेणार. ‘आरोग्यविषयक चर्चा’ असं मोघम लिहू नका; तसलं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

संशोधन असेल, रक्त किंवा नमुने घ्यायचे असतील, तर आणखी तीन पायऱ्या. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, सक्षम प्रशासनाची आणि गावाची परवानगी, आणि शेवटी प्रत्येक व्यक्तीची स्वतःची संमती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आय.सी.एम.आर.) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. गावच्या प्रमुखाने हो म्हटलं म्हणून सुनेची संमती मिळत नाही. समाजाला प्रत्यक्ष फायदा नसेल, तर आदिवासी समाजात ते संशोधन करूच नये. पुण्यातल्या महाविद्यालयांतून प्रबंधासाठी येणाऱ्यांचं ‘नमुना मिळाला की काम झालं’ असं होतं. निकाल परत वाडीत सांगायला यायचा खर्च आणि तारीख प्रस्तावातच घातली नसेल, तर ती भेट होत नाही.

वाडीतली बैठक: घड्याळ, जागा, माणसं

सकाळी वाकडेवाडीहून एस.टी. धरून दुपारी बैठक आटोपायची आणि संध्याकाळी पुण्यात परत, या बेताने फक्त तीच माणसं भेटतात जी दुपारी घरी असतात. म्हातारी माणसं, आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे ते. मजुरीवर, रानात, भट्टीवर गेलेलं माणूस अंधार पडल्यावर येतं. म्हणून बैठक संध्याकाळी सातनंतर, आणि मुक्काम वाडीत किंवा जवळच्या आश्रमशाळेत. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. वाडीत मयत किंवा लग्न असेल तर भेटून या, बैठक पुढे ढकला.

जागा कोणाची, हा प्रश्न साधा नाही. सरपंचाच्या ओसरीवर घेतलेल्या बैठकीला विरोधी गट येत नाही. गावठाणातल्या मंदिरात ठाकरवाडीच्या बायका येऊन बसतीलच असं नाही. अंगणवाडी किंवा शाळेचं पटांगण बहुतेकांना चालतं, पण विचारून ठरवा. खुर्च्या मांडू नका. खुर्च्या आल्या की त्यावर साहेब बसतात आणि बाकी सगळे खाली. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण कोण किती बोलतं हे यावर ठरतं.

एका रात्रीत एक बैठक पुरत नाही. किमान चार गट वेगवेगळे बसवायचे: सासवा आणि दायी, तरुण आया, पुरुष, आणि शेवटी सगळे एकत्र. तरुण आयांच्या गटात पुरुष कर्मचारी नको. आशाताई हवी, पण बोलकी करायला, उत्तरं द्यायला नव्हे. आशा त्याच गावची सून असते. तिच्यासमोर उपकेंद्राबद्दल तक्रार करताना बाई जपून बोलते. म्हणून अर्ध्या तासाने आशाताईंना दुसरं काम सांगून उठवणं बरं, आणि असं करणार आहोत हे त्यांना आधीच सांगावं, म्हणजे त्यांना अपमान वाटत नाही.

महादेव कोळी आणि ठाकर गावांत मराठी चालते, पण आपली पुस्तकी मराठी नाही. ‘संस्थात्मक प्रसूती’, ‘लाभार्थी’, ‘तीव्र कुपोषित’ हे शब्द कागदावरच ठेवा. कातकरी बोली वेगळी आहे, आणि वयस्क बायका तिच्यातच मोकळ्या होतात. त्या वाडीतली शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून घ्या आणि तिला रोजगार हमीच्या त्या वर्षीच्या दराने तरी दिवसाची मजुरी द्या. दोन रात्री बैठकीला बसणाऱ्या बाकीच्यांचाही वेळ फुकट नसतो. किमान जेवण आपल्याकडून असावं.

काय विचारायचं

‘तुमच्या आरोग्याच्या समस्या काय?’ या प्रश्नाला उत्तर येतं, रस्ता आणि पाणी. उत्तर खोटं नाही, पण त्यातून आरोग्याच्या आराखड्यात काय लिहायचं हे कळत नाही. त्याऐवजी जमिनीवर रांगोळीने वाडी काढायला सांगा. घरं, विहीर, ओढा, अंगणवाडी, भगताचं (मंत्र-झाडपाला करणाऱ्याचं) घर, दुकान, आणि फोनला रेंज कुठे येते ती टेकडी. मग एकच प्रश्न: गेल्या पावसात रात्री कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा काय काय केलं? डोली कोणी धरली, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन कुठून लावला, गाडी कुठपर्यंत आली, किती मिनिटं चालले. अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका. मिनिटांत लिहा, आणि उन्हाळ्याची व पावसाळ्याची मिनिटं वेगळी. डिंभे धरणाच्या मागच्या अंगाच्या गावांत हे दोन आकडे पाहिले की गाडी कुठे उभी ठेवायची याची चर्चा आपोआप सुरू होते.

दुसरं साधन म्हणजे बारा महिन्यांचा पट. बारा चौकटी आखायच्या आणि खडे ठेवायला सांगायचे: आजार कधी जास्त, घरात धान्य कधी संपतं, काम कधी मिळतं, कोण बाहेरगावी. बहुतेक वाड्यांत धान्य सगळ्यात कमी आणि हगवण-ताप सगळ्यात जास्त, हे दोन ढीग पावसाळ्याच्या त्याच महिन्यांत पडतात, आणि आवणीचं कामही तेव्हाच असतं. अंगणवाडीतल्या अमृत आहाराची (गरोदर आणि स्तनदा मातांना मिळणाऱ्या जेवणाची) वेळ आणि आवणी यांची गाठ पडते ती इथे. गरोदर बाई दुपारी खाचरात असते, आहार अंगणवाडीत असतो. डबा घरी पाठवला तर तो चौघांत वाटला जातो. यावर तोडगा वाडीलाच विचारा. कुठे खाचराच्या बांधावर जेवण नेण्याचं ठरेल, कुठे वेळ सकाळी आठला आणायची. नियमात बसत असेल तर अंगणवाडीसेविका आणि पर्यवेक्षिका यांच्याशी तिथल्या तिथे ठरवून टाका. वाडीने बोललं आणि आठवड्यात बदललं, असं एक तरी काम पहिल्या महिन्यात दाखवता आलं पाहिजे. पुढची भागीदारी त्यावर उभी राहते.

खाण्याचा विषय निघाला की पथ्य पाळा. नाचणी, वरई, रानातली फोडशी, टाकळा, भारंगी, करटोली, ओढ्यातले खेकडे-मासे हे लोकांचं ताट आहे. ‘हिरव्या भाज्या खा’ असं पोस्टर तिथे लावणं हा विनोद आहे. कोणती भाजी आता मिळत नाही आणि का, हे विचारा. वनविभागाची बंदी, धरण, विकली गेलेली जमीन, असं काही पुढे येतं. भीमाशंकर अभयारण्याच्या आसपास तर हा प्रश्न थेट वनहक्काचा होतो, आणि पोषणाच्या बैठकीत वनहक्क समितीचा माणूस का हवा ते तेव्हा समजतं.

भगत आणि दायी

यांना टाळून आराखडा होत नाही, आणि त्यांना हार घालून फोटो काढल्यानेही होत नाही. सोपा, लेखी नसला तरी उघड बोललेला समझोता करा. सर्पदंशात भगताने काप द्यायचा नाही, बांधून ठेवायचं नाही, वेळ दवडायची नाही. मंत्र म्हणायचा तर गाडीत बसून म्हणावा. आणि दवाखान्याने त्याचा बाहेरच्या बाहेर अपमान करायचा नाही, ‘आधी तिकडे कशाला गेलात’ हे वाक्य आरोग्य केंद्रात बंद. दुसरी अट पाळली गेली नाही तर पहिली टिकत नाही. साप चावल्यावर लोक उशिरा येतात याचं एक कारण हे बोलणं खाणं असतं.

पण हा समझोता करण्याआधी आपलं घर तपासा. ज्या आरोग्य केंद्राकडे पाठवा म्हणता तिथे प्रतिसर्पविषाच्या किमान दहा कुप्या, मुदतीतल्या, आणि रात्री ती द्यायला तयार डॉक्टर आहे का? सुरुवातीचा डोसच साधारण आठ ते दहा कुप्यांचा असतो. दोन कुप्या कपाटात असणं म्हणजे साठा असणं नव्हे. भगताने शब्द पाळून रुग्ण पाठवला आणि आरोग्य केंद्राने त्याला पुढे पिटाळलं, तर भगताचीही पत गेली आणि तुमचीही.

दायी आता बाळंतपणं करत नाहीत असं कागदावर असलं, तरी घरातला निर्णय बऱ्याचदा त्यांच्याच शब्दावर होतो. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना माहेरघर असतं, डोंगरातल्या बाईने तारखेआधी काही दिवस येऊन राहण्यासाठी. ते रिकामं का पडतं, हे दायीला विचारा. घरची मोठी मुलं कोण पाहणार, सोबत आलेल्या सासूची मजुरी बुडते, शेळ्या कोणाकडे, आणि तिथे जेवण कोणाच्या हातचं. यातल्या प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं. कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवायचं तेव्हाही प्रश्न हेच. नवसंजीवनी योजनेत बुडीत मजुरीची तरतूद आहे ती म्हणूनच, पण पैसे घरी गेल्यावर दोन महिन्यांनी मिळणार असतील तर बाई पाचव्या दिवशी मूल उचलून निघते.

समिती आणि दहा हजार रुपये

प्रत्येक गावात गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. मार्गदर्शक सूचनांनुसार किमान पंधरा सदस्य, निम्म्या स्त्रिया, दरमहा बैठक, वर्षाला १०,००० रुपये अबंध निधी. प्रत्यक्षात समितीची यादी एखाद्या कपाटात असते आणि यादीतल्या निम्म्या लोकांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं. पहिलं काम, यादी वाडीत मोठ्याने वाचा. वाडीनिहाय कोण आहे ते मोजा. गावठाणाचे नऊ आणि ठाकरवाडीचा एक असं निघालं, तर पुढच्या ग्रामसभेत ठराव करून यादी बदला.

निधीचं गाडं अडतं ते सह्यांवर. खातं अध्यक्ष आणि सचिवांच्या संयुक्त सहीचं असतं. अध्यक्ष बदलले, बँकेत नमुना सही बदलली नाही, पैसे पडून राहिले, वर्ष संपलं, खर्च नाही म्हणून पुढच्या वर्षी निधी कमी. निवडणूक झाली की त्या महिन्यात बँकेचं काम करून घेणं हे आरोग्यसेवकाच्या यादीत लिहूनच ठेवा.

दहा हजारांत काय होतं? रात्रीच्या गाडीचं भाडं आगाऊ ठरवून ठेवता येतं, डोलीचं सामान आणि दोन चांगल्या बॅटऱ्या घेता येतात, विहिरीचं शुद्धीकरण होतं, अत्यंत गरीब घराला तातडीची मदत होते. दरवर्षी फिनेल, झाडू आणि फलक यातच तो संपत असेल, तर वाडीला विचारून खर्च झालेला नाही असं समजायला हरकत नाही.

देखरेख: रंगीत पत्रक आणि जनसुनवाई

२००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. सोबत अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद आणि ठाणे. पुण्याचीच ‘साथी’ ही संस्था राज्य समन्वयाचं काम करत होती. त्यातून दोन साधनं रुळली, ती आजही वापरता येतात.

एक, गावाचं प्रगतिपत्रक. लसीकरण, बाळंतपणाची सेवा, औषधं, कर्मचाऱ्यांची वागणूक अशा मुद्द्यांना गाव हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतं. आकडे न वाचणाऱ्यालाही ते वाचता येतं. इथे होणारी चूक म्हणजे पत्रक परस्पर भरून थेट तालुक्याला दाखवणं. परिचारिकेला लाल रंग पहिल्यांदा साहेबांच्या दालनात दिसला की ती पुढे दोन वर्षं कोणाशी नीट बोलत नाही. पत्रक आधी तिच्यासोबत बसून पाहा. लाल रंगाची कारणं बहुतेकदा तिच्या हातात नसतात, आणि ती स्वतःच ते सांगते.

दोन, जनसुनवाई, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायची उघड बैठक. तक्रारी किमान पंधरा दिवस आधी आरोग्य केंद्राला लेखी द्या, म्हणजे उत्तर घेऊन यायला वेळ मिळतो. अचानक पकडण्यात टाळ्या मिळतात, दुरुस्ती होत नाही. प्रत्येक तक्रारीपुढे ती कोणाच्या पातळीची आहे ते लिहा. बाह्यरुग्ण विभाग वेळेत उघडत नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्याचं. रुग्णवाहिकेला चालक नाही, हे जिल्ह्याचं. पद रिक्त आहे, हे राज्याचं. असं न करता सगळ्यांचा जाब एकाच डॉक्टरला विचारला, तर डॉक्टर बदली मागतो आणि पद पुन्हा रिक्त. तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच यादीवर दुसरी बैठक लावा. ती तारीख पहिल्या सुनवाईतच जाहीर करा.

माहिती कोणाची

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं राष्ट्रीय निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. शून्य ते ४० वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणीत पहिली चाचणी फक्त छाननीची असते. नक्की निदान पुढच्या चाचणीनेच होतं. छाननीतच ‘सिकल निघाला’ असं पटांगणात पुकारलं, तर त्या मुलीचं लग्न अडलंच म्हणून समजा. वाहक आणि रुग्ण यातला फरक तपासणीच्या आधी सांगायचा, नंतर नव्हे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एकटा वाहक सहसा निरोगी असतो. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्यालाच. गावाला सांगायचं ते फक्त बेरजेचे आकडे, आणि ते सांगायचेच. जी माहिती वाडीतून गेली ती वाडीत परत आली नाही, तर पुढच्या वर्षी बोट पुढे होत नाही.

स्थलांतरित घरांची माहिती मात्र हलती ठेवावी लागते. कातकरी गरोदर बाई भट्टीवर जाताना तिचं माता-बाल कार्ड सोबत गेलं का, आणि ज्या तालुक्यात भट्टी आहे तिथल्या आशाला तिचं नाव कळलं का, हे दिवाळीआधीच्या बैठकीत एकेक घर घेऊन पाहा. मुकादमाचा फोन नंबर घेतला की भट्टीचा पत्ता मिळतो. कार्ड झोपडीच्या आढ्याला अडकवून राहिलं तर तिकडे ती ‘नवीन रुग्ण’ होते आणि सगळ्या तपासण्या पुन्हा, किंवा एकही नाही.

नकार आला तर

ग्रामसभा नाही म्हणते तेव्हा इतिवृत्तात ‘पुढील बैठकीत चर्चा’ असं लिहायची सवय आहे. लिहू नका. नकार कारणासकट नोंदवा आणि वाचून दाखवा, मगच सह्या व अंगठे. नवीन उपकेंद्राची जागा नाकारली असेल तर बऱ्याचदा उपकेंद्र नको असं नसतं. ती जागा देवराईला लागून असते, किंवा एका भावकीची असते. दुसरी जागा विचारली की मिळते. कारण लिहिलंच नाही, तर पुढच्या वर्षी दुसरा अधिकारी तीच जागा घेऊन येतो.

आणि दुसरा अधिकारी येतोच, दर तीन वर्षांनी. म्हणून वाडीची एक फाइल आरोग्य केंद्रात आणि तिची प्रत वाडीत, आशाताईकडे किंवा शाळेत ठेवा. त्यात ठराव, पावसाळी मिनिटांचा नकाशा, खड्यांचा पट, समितीची वाडीनिहाय यादी, प्रलंबित तक्रारी आणि त्यांची पातळी, भगत-दायींशी काय बोलणं झालं ते. शेवटच्या पानावर हाताने चार ओळी: ओढा कोणत्या महिन्यात बंद होतो, रेंज कुठे येते, रात्री गाडी कोण काढतं, आणि समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते.